पाचवं बटण

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीवर बेतलंय, आणि ते अजून संपलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यातला रविवार. दुपारचे बारा. डोक्यावर लख्ख ऊन.

मावशी, काका आणि त्यांची आठ वर्षांची चिमणी शहराबाहेरच्या टेकडीवरचा जुना बंगला बघायला गेले होते. आत जुनं सामान जसंच्या तसं मांडलेलं, बाहेर हिरवळ, डबा खायला बाकं. सहलीला झकास जागा.

मावशी पंचवीस वर्षं शिवणकाम करते. स्वभावाने पक्की संशयी. दुकानदाराने समोर मोजून दिलेलं कापड ही घरी येऊन पुन्हा मोजणार. काका तिला 'फौजदार' म्हणतात.

तिचं एक गुपित होतं. चिमणी लहानपणी झोक्यावरून पडली, तेव्हापासून तिचा डावा खांदा जरासा उतरलेला आहे. पोरीला कुणी चिडवू नये म्हणून मावशी तिच्या प्रत्येक कपड्यात डावीकडे एक पातळ पॅड शिवते. फक्त डावीकडे. या पॅडचं काकांनासुद्धा माहीत नव्हतं.

वरच्या मजल्यावर मुलांची खोली होती. दारात दोरी बांधलेली. आत पलंग, लाकडी घोडा… आणि कपडे चढवायच्या पुतळ्यावर एक छोटा फ्रॉक.

शेजारी पाटी होती. मालकिणीने आपल्या आठ वर्षांच्या लेकीसाठी शिवायला घेतला होता. लेक तापात गेली. फ्रॉक अपूर्ण राहिला.

मावशी हळहळली. मग तिचं लक्ष खांद्याकडे गेलं…

डावीकडे पातळ पॅड होतं.

फक्त डावीकडे.

कापड जुनाट, पिवळं पडलेलं. नुसते कच्चे टाके घातलेले. पण त्या टाक्यांचा दोरा… कोरा, पांढराशुभ्र.

"दादा, हा कोण शिवतंय?" तिने म्हाताऱ्या राखणदाराला विचारलं.

"शिवतंय? अहो ताई, दीडशे वर्षांचा आहे तो. दोरीच्या आत आम्हालाही पाय ठेवायला बंदी!"

म्हातारा काहीतरी लपवतोय, याबद्दल मावशीला शंकाच उरली नाही.

"अगं, सुट्टीच्या दिवशी तरी टाके मोजू नकोस," काका म्हणाले.

ती त्यांना उत्तर द्यायला वळली… आणि चिमणी जागेवर नव्हती.

"चिमणे!"

मावशी जिन्याकडे धावली.

कुठूनतरी आवाज आला… कर्र… कर्र… कात्री कापडातून जाते तसा. तो आवाज मावशी झोपेतही ओळखेल.

चिमणी जिन्याच्या वळणावर सापडली. दोन्ही हात बाजूंना पसरलेले. मान ताठ. समोर कोणीही नाही.

"काय करतेयस इथे?"

"श्श… हलायचं नाही. काकू माप घेतायत."

"कोण काकू?"

चिमणीने हात खाली घेतले. "गेल्या. तू आलीस ना."

तिच्या डाव्या खांद्यावर शिवणाच्या खडूची रेघ होती. बरोबर जिथे पॅड बसतं, तिथे.

मावशीने बंगला डोक्यावर घेतला. माझ्या पोरीला हात लावणारी बाई समोर आणा म्हणाली. राखणदार गयावया करत राहिला, "इथे एकही बाई कामाला नाही हो, ताई." काका लाजेने अर्धमेले झाले. डबा न उघडताच सगळे घरी परतले.

पण संशय मावशीला स्वस्थ बसू देईना. तीन महिन्यांनी ती एकटीच तिथे गेली.

कच्चे टाके गेले होते. पक्की शिलाई झाली होती. पाठीवर पाच काजं, बटणं चार. आणि खालची दुमड बोटभर सोडलेली…

चिमणीची उंची तेवढीच वाढली होती.

हा कुणा माणसाचा उद्योग नाही, हे मावशीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कपडा तयार झाला की घालून बघायला बोलावणं जातं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

राखणदाराची पाठ वळताच ती दोरी ओलांडून आत गेली. पर्समधल्या कात्रीने चारही बटणं कापली.

पुढच्या महिन्यात चारही जागच्या जागी होती.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती जाते, बटणं कापते, आणि घरी येऊन चिमणीला पोटाशी धरून रडते. पाचवं बटण लागू द्यायचं नाही, एवढंच तिला समजतं.

या रविवारी बंगल्याच्या फाटकाला कुलूप होतं. डागडुजीसाठी दोन महिने बंद.

मावशीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज मला ओळखू येईना. मी तडक तिच्या घरी गेले. चिमणी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. त्या फ्रॉकबद्दल घरात तिच्यासमोर कुणी चकार शब्द काढत नाही.

मला बघून ती गोड हसली. मग खडू खाली ठेवून तिने आईला विचारलं,

"आई, काकूंनी शेवटचं बटण लावलं. ट्रायलला कधी जायचं?"

त्याला आज चार दिवस झाले. मी अजून मावशीकडेच आहे. चिमणीला आम्ही क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही.