पडता पडता उभी राहणारी गाडी

शेजारी-शेजारी बसवलेली दोनच चाकं. पुढे आधार नाही, मागेही नाही. अशी गाडी उभी राहीलच कशी? कस्तुरीनं आबांच्या वहीतलं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

“आबा, ही तोंडावर आपटेल.”

“आपटेलच. म्हणून तर तिला शिकवावं लागेल,” आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

खिडकीतून माळावरची, रेडिओ दुर्बिणीची अकरा नंबरची अँटेना दिसायची. कस्तुरीचे आबा, हणमंत डुंबरे, तीस वर्षं त्या अँटेनावर स्पंदक (ठरावीक वेळानं रेडिओ लहरींचे ठोके देणारे तारे) ऐकत आले होते. रोज चालत जायचे. आता गुडघे गेले होते. अर्धा तास उभं राहता यायचं, पण चालणं अंगणापुरतंच. आणि महिनाअखेरीला ती जुनी अँटेना उतरवणार होते.

बाबा कितीदा म्हणाले, “जीपमध्ये बसा, नेऊन आणतो.”

“उचलून ठेवलं की मी सामान झालो. तिथं मला माझं माझं जायचंय,” एवढंच आबा म्हणायचे आणि पुन्हा बाहेर बघत राहायचे. कस्तुरीला ते बघवत नसे.

तयार गाडी शहरात मिळायची, पण ती परवडणारी नव्हती. मग बाप-लेकीनं भंगार धुंडाळलं. मोडक्या पेरणी-रोबोची दोन चाकं मोटरींसकट मिळाली, जुन्या स्कूटरची बॅटरी मिळाली. पडलेल्या ड्रोनमधून दोन इवलेसे सेन्सर निघाले. आबांनी ते तळहातावर घेतले.

“हा जायरोस्कोप (कलण्याचा वेग मोजणारा सेन्सर). चपळ आहे, पण हळूहळू त्याचा हिशेब चुकत जातो. हा प्रवेगमापक (वेगातला बदल मोजणारा सेन्सर). खाली कुठे आहे ते याला कळतं, पण जरा हादरा बसला की गोंधळतो. दोघांचं मिळून ऐकायचं.”

“आणि ऐकून करायचं काय?”

आबांनी कोपऱ्यातला झाडू तिच्या हातात दिला. “तळहातावर उभा कर.”

झाडू पुढे कलला, तसा कस्तुरीचा हात आपोआप पुढे धावला. मागे कलला, हात मागे. झाडू उभाच!

“ज्या बाजूला पडतोय, त्याच बाजूला आधार न्यायचा!” ती ओरडली.

“याला प्रत्याभरण म्हणतात (झालेला परिणाम पाहून पुढची कृती सुधारणं). तुझा हात म्हणजे चाकं. डोळे म्हणजे सेन्सर. गाडी हेच सेकंदाला दोनशे वेळा करेल.”

कस्तुरीनं तसा प्रोग्रॅम लिहिला: जितकी कलशील, तितकी पळ. आबांच्या जागी वाळूचं पोतं बांधून गाडी सुरू केली. गाडी पुढे झुकली, सावरली, मागे झुकली, आणखी जोरात पुढे आली, आणि झोके घेत घेत धाडकन आडवी झाली. धरायचा दांडा वाकला. महिनाअखेर चार दिवसांवर आली होती.

“राहू दे पोरी,” आबा हळूच म्हणाले. “इथून दिसते ना मला.”

अंगणात जाऊन कस्तुरीनं पुन्हा झाडू तळहातावर घेतला. या वेळी तिनं झाडूकडे लक्ष दिलंच, पण आपल्या हाताकडेही दिलं. झाडू सरळ व्हायच्या आधीच हात मंदावत होता! तिच्या गाडीला नुसतं किती कललोय ते कळत होतं. किती वेगानं कलतोय, ते ती विचारातच घेत नव्हती. म्हणून दर वेळी ती नको तितकी पुढे जात होती.

तिनं प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. बाबांनी दांडा सरळ केला. गाडी जराशी थरथरली आणि पोत्यासकट उभी राहिली.

दोन दिवस पोत्यानं गाडीवर फेऱ्या मारल्या. तिसऱ्या संध्याकाळी डोक्यावर हेल्मेट घालून आबा चढले. दांडा धरून ते किंचित पुढे झुकले. आपण पडतोय असं वाटून गाडी त्यांना सावरायला पुढे निघाली. ते झुकलेलेच राहिले, ती सावरत राहिली, आणि त्या पडण्या-सावरण्यातून वाट मागे पडू लागली. कस्तुरी आणि बाबा दोन्ही बाजूंनी चालत होते. हात लावायची वेळ आली नाही.

अँटेनाखाली बाबांनी गाडी धरली. आबा उतरले. त्यांनी गंजलेल्या खांबावर तळवा टेकला. वरची प्रचंड थाळी संथपणे पश्चिमेला वळली, तिची घरघर खांबातून त्यांच्या हातात उतरली असावी.

“नव्या अँटेना चंद्राच्या पलीकडच्या बाजूला बसवतायत,” मग ते म्हणाले. “तिथं पृथ्वीचा गोंगाट पोचत नाही. फार जावंसं वाटायचं मला.”

कस्तुरीनं त्यांचा दुसरा हात धरला. “आबा, तिथं ही गाडी उभी राहील?”

“तूच सांग.”

“तिथलं ओढणं सहापटीनं कमी. म्हणजे ती सावकाश पडेल. सावरायला वेळ जास्त.” ती थांबली. “पण चाकांची जमिनीवरची पकडही कमी. आपले आकडे तिथं चालायचे नाहीत.”

आबांनी खिशातून पेन काढून तिला दिला. कस्तुरी तिथंच मातीत मांडी घालून बसली आणि चंद्रासाठीचा पहिला आकडा तळहातावर लिहू लागली.