येताना जवळ

बारामतीच्या फोटो स्टुडिओत खुर्ची एकच होती, आणि स्वरूपा व ऋषिराज यांची पहिली भेट झाली ती त्या खुर्चीवरून भांडतानाच!

“माझा आधी काढा हो,” तो फोटोवाल्याला म्हणाला. “म्हशींच्या धारांची वेळ झाली. पणदऱ्याला पोचायचंय.”

“आणि मला ऑकलंडला!” स्वरूपा फणकारली.

“ते कुठं आलं? इंदापूरच्या पल्याड?”

“इंदापूरची तर मीच आहे. ऑकलंड न्यूझीलंडमध्ये. बारा हजार किलोमीटर. दोन विमानं, वीस तास.”

“बाबौ! म्हंजी दोन येळच्या धारा चुकल्या की!”

तिला हसू आवरेना. घात केला तो त्या हसण्यानंच.

दुग्धशास्त्र शिकायला ती दोन वर्षांसाठी निघाली होती. व्हिसा येईपर्यंत कधी म्हशी बघायला म्हणून, कधी उगाचच, भेटी वाढत गेल्या. पण गडी चार वाजले की धारांसाठी उठलाच! “सवती आहेत त्या माझ्या,” ती चिडवायची. तो नुसता लाजायचा... डोळ्यांत सगळं दिसायचं, ओठांवर मात्र काही नाही. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय विमानात कसं बसायचं, म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

निघायच्या आदल्या दिवशी दोघं रसवंतीत बसले होते. बाहेर भुरभुर पाऊस होता. चार वाजून गेले, तरी तो हलला नाही.

“धारा?”

“आज आबा काढत्यात. तू तिकीट दाखव.”

तिनं मोबाइल पुढं केला. “सोमवारी रात्री मुंबईतून निघायचं, बुधवारी पहाटे तिथं.”

“अन् यायचं कसं?”

तिनं शोधून दाखवलं. “सकाळी तिकडून निघालं की त्याच रात्री मुंबईत.”

त्याचा चेहरा उजळला. “म्हंजी जाताना लांब, पर येताना जवळ हाय की गं!”

“अरे वेड्या, तिथली घड्याळं साडेसहा तास पुढं असतात. तास तेवढेच लागतात!”

“लागू देत. मी जवळच धरणार.” त्यानं मोबाइल बाजूला सारला. “स्वरूपा... तू लई आवडतीस मला. तुझ्याबिगर करमायचं न्हाय.”

तिचे डोळे भरून आले. “मेल्या, हे बोलायला इतके दिवस लागले?”

“भ्या वाटत होतं.”

“मी नाही म्हणेन म्हणून?”

“न्हाय गं... माझ्यापायी तू थांबशील म्हणून.”

मग चारचौघांत, कुणाची पर्वा न करता, तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

“थांबले नसतेच,” ती रडता रडता हसली. “पण आता येणार ती तुझ्याकडंच!”