होणाऱ्या सासऱ्यांची स्कॉच

प्लास्टिकचा इवलासा पेला केव्हाच रिकामा झाला होता. तरी देवव्रत तो ओठांशी धरून उभा होता... आणि इरावती कोरडं टेबल पुन्हा पुन्हा पुसत होती. "गुरुवारी पुण्याला निघतोय. मुलगी बघायला," एवढंच तो म्हणाला होता. बाहेर ऑगस्टचा वारा पाऊस काचेवर तिरका फेकत होता.

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावच्या त्या दारूच्या दुकानात शनिवारी दुपारी गिऱ्हाइकांना चवीपुरती व्हिस्की ओतून देणं, हे इरावतीचं जोडकाम. शिकायला आली आणि इथलीच झाली; आठवडाभर प्रयोगशाळा, शनिवारी हे टेबल. चार आठवड्यांपूर्वी वेलिंग्टनच्या आयटी कंपनीतला हा पुणेकर भिजत आत शिरला, तिच्या नावाची पट्टी वाचून थबकला आणि चक्क मराठीत म्हणाला, "सगळ्यांत स्वस्त स्कॉच कोणती हो?" तेव्हापासून दर शनिवारी तीच ब्लेंडेड स्कॉच, तोच एक घोट आणि तोच लाडिक वाद. बाटलीसोबतच्या कागदावर चवीचं वर्णन 'हेदर फुलांचा मध' असं छापलेलं. ती फुलं दोघांनीही कधी पाहिली नव्हती. तिला त्या घोटात काकवी सापडे आणि बंबाचा धूर. त्याला भिजलेलं गोणपाट.

"मग ही बाटली..." ती अखेर म्हणाली, "कुणासाठी?"

"मुलीच्या वडिलांसाठी. आई म्हणाली, येताना स्कॉच आण."

"होणाऱ्या सासऱ्यांना इतकी स्वस्त? शोभतं का?"

"अजून झालेत कुठे?"

ती हसली, पण ते हसू पाणी न घालता घेतलेल्या घोटासारखं घसा जाळत गेलं.

"चार शनिवार चव घेतोयस. इतका विचार लोक घर घेताना करत नाहीत."

"मी चव घ्यायला यायचो, असं वाटतं तुला?"

बाटलीच्या गळ्यावरची तिची बोटं थांबली. "मग कशाला यायचास?"

तो पेल्याच्या तळाशी पाहत राहिला. "तिकीट... रद्द करता येतं. तू नुसतं 'जाऊ नकोस' म्हण. आत्ता आईला फोन लावतो."

गेले तीन शनिवार तो दुकानातून निघाला की तेच दोन शब्द तिच्या जिभेवर यायचे. आता मात्र ते कडवट लागले. आईने सांगितलं म्हणून निघालेला हा, आणि मी सांगितलं म्हणून थांबणार! तिला हवा होता तो तिकीट रद्द करून, घरच्यांशी भांडून, धापा टाकत या दारात आलेला देवव्रत. समोर उभा होता तो परवानगी मागणारा. आणि तोही तिला किती आवडत होता...

"इरा..." त्याने पहिल्यांदाच तिचं नाव असं जवळ ओढलं. "बोल ना काहीतरी."

तिने झाकण हवं त्याहून घट्ट फिरवलं. उष्टे पेले ट्रेमध्ये गोळा केले. मग भरून येणारे डोळे मोठे उघडे ठेवून, बाटल्यांच्या रांगांमधून ती मागच्या कोठाराकडे चालू लागली.