बिनकामाचा फोन

सबीनानं आधी त्याची बुलेट पाहिली, माणूस नंतर. तासगावात रक्तदान शिबिराच्या मांडवाबाहेर बुलेट उभी, अन् मडगार्डवर लालभडक अक्षरात रंगवलेलं – ‘ओ पॉझिटिव्ह’.

“कुणाची ही जाहिरात?”

“माझी!” गंधकाचा वास मारणारा एक दांडगा गडी पुढं आला. “अफताब. बेदाण्याचं शेड हाय आपलं. आपलं रक्त कुणालाबी चालतंय, मॅडम. लय दिलदार ग्रुप!”

“किती वेळा दिलंय?”

“देनारच हुतो...” तिच्या हातातली सुई दिसली अन् गडी दोन पावलं मागं सरला.

डॉक्टर सबीना मूळची मेढ्याची. सांगलीत रक्तावर संशोधन करायची. तिची एक खोड होती – लोक छाती ठोकून जे सांगतात, तेच ती आधी तपासायची. तिनं डोळे मिटलेल्या अफताबचं थोडं रक्त घेतलं अन् लॅबमध्ये नेलं. त्यातला पाण्यासारखा द्रव, म्हणजे सीरम, खऱ्या ‘ओ’च्या पेशींत मिसळला, तर नळीत दह्यासारख्या गाठी! पुन्हा केलं. पुन्हा गाठी.

हे ‘ओ’ नव्हतंच. हा बॉम्बे ग्रुप. हजारोंत एखाद्याचा. साध्या तपासणीत ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’चं रक्त चढवलं तर जिवावर बेततं.

“तुमचं बहुतेकांना चालेल,” तिनं फोनवर सांगितलं, “तुम्हाला मात्र तुमच्यासारख्याचंच लागेल.”

“म्हंजे मी गावजेवन घालायचं, आन मला कुणाच्या पंगतीला जागा न्हाई?”

तिला हसू फुटलं. “तसंच. आता शिबिरात द्यायचं नाही. राखून ठेवायचं. मी फोन केला तरच यायचं.”

“तुमी... फोन करनार? मग राखतो की!”

पण हा फोन म्हणजे भलतंच त्रांगडं. वाजला तर कुणाचा तरी जीव टांगणीला, नाही वाजला तर ह्याचा!

एकदा वाजला. साताऱ्याची बाळंतीण, ह्याच ग्रुपची. अफताब धावत आला. डोळे गच्च मिटून, सबीनाच्या ॲप्रनची बाही मुठीत धरून पडून राहिला.

“झालं. सोडा आता.”

“आनि एक पिशवी घ्या की... न्हाईतर बाही सोडावी लागंल.”

बाई वाचली. अफताब मात्र गेला कामातून. मडगार्डवर ‘बॉम्बे’ रंगवून घेतलं, तर लोक विचारायला लागले, “मुंबईला शीट हाय का?” लॅबमध्ये बेदाणा येऊ लागला – कधी हिरवा, कधी पिवळा. सबीना एकेक दाणा जिभेवर घोळवायची, अन् नळीतल्या गाठी बघता बघता तिचा हात थांबायचा... असा सुईला भिणारा माणूस आपल्या एका फोनवर धावत का येतो?

मग एक दिवस त्याची आई, शकिला, दारात हजर.

“डॉक्टरीणबाई, ह्याला ह्याच्याच रक्ताचं लागतंय म्हनं. मग बायकोबी तसलीच नको का? तुमाला असली मानसं ठावं हायती. एखादी पोरगी काढा की!”

सबीनानं हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. “अम्मी, लग्नात रक्त चढवत नाहीत. उलट दोघं तसलेच भेटले, तर लेकरंही सगळी तसलीच. प्रत्येकाच्या रक्तासाठी पळापळ.” बोलणं खरंच होतं. पण ती एवढ्या घाईनं का बोलत होती?

“मग कुठला ग्रुप चालंल?”

“कुठलाही.”

“तुमचा कुठला?”

“...बी.”

“आसं व्हय?” शकिलानं डोळे बारीक केले. “बरं, मग औंधची पोरगीच बगतो. रविवारी जायाचं हाय.”

ती गेली. सबीनानं फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. “या,” एवढंच म्हणाली.

तो अवकाळीत भिजून आला. बाही वर सारलेली. “पेशंट कुठाय?”

“नाही कुणी.”

“मग...?”

“रक्त राखून ठेवा म्हटलं होतं. बाकीचं... सांगायचं राहिलं.”

बाहेर पाऊस धो धो. “शेडचे पडदे उघडेच ऱ्हायले,” तो पुटपुटला. “बेदाना भिजला आसंल... भिजू दे.”

“आणि औंधची पोरगी?”

“कोन औंधची?” त्यानं डोळे विस्फारले. “औंधात आमचं कुत्रंबी वळखीचं न्हाई!”

सबीनाला आत्ता उमगलं. जन्मभर दुसऱ्यांचं तपासत आली, अन् शकिलानं बसल्या जागी तिचीच तपासणी करून टाकली होती. ती लाजून लाल.

अफताबनं डोळे गच्च मिटून हात पुढं केला. “सुई न्हाई न्हवं?”

“नाही.” तिनं आपला हात त्याच्या हातात ठेवला. “आता उघडा डोळे.”

“थांबा की जरा... ह्येबी राखून ठिवतोय.”