कपाटाला हुडहुडी

"पुन्हा आपट," मिरचीने हुकूम सोडला.

तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे ढब्बूने, लोखंडी कपाटाचं दार धाडकन आपटलं. कंट्रोल रूमच्या पडद्यावरची सपाट हिरवी रेघ टुणकन उडाली.

सुट्टीत आलेली ही भावंडं मामाचा डबा घेऊन कारखान्यात आली होती. ती रेघ म्हणजे मोठ्या पंख्याची थरथर, हे मामानेच शिकवलेलं. पंख्याला चिकटवलेला सेन्सर ती मोजतो. फार वाढली की पंखा आपोआप बंद. मग ती कपाटामुळे का उडावी?

मिरचीने कपाटामागे हात घातला. काडेपेटीएवढा सेन्सर तिथे चुंबकाने मस्त चिकटला होता.

"काका, हा इथे काय करतोय?"

पाय पसरून बसलेल्या सुपरवायझरने एक डोळा उघडला. "तिकडे सारखा बोंबलायचा. इथे बघ, कसा गुणी बाळासारखा राहतो."

तेवढ्यात बाहेर गडगडाट झाला. काचेपलीकडे पंख्याचं घराएवढं कवच धडाधडा नाचत होतं. एक बोल्ट तुटून गोळीसारखा सुटला आणि काच फोडून भिंतीवरच्या घड्याळाच्या चिंधड्या करून गेला. आणि त्या कवचाखाली, कानांत बोळे कोंबून, मामा पाठमोरा वाकून वंगण भरत होता.

"काका, पंखा बंद करा. मामा आहे तिथे."

सुपरवायझर ताडकन उठला. पण पंखा थांबवायच्या लाल बटणालाच पाठ लावून तो म्हणाला, "रेघ सपाट आहे ना? मग पंखा ठणठणीत. उगाच थांबवला तर साहेब मला सोलतील."

मिरची बटणावर झेपावली. त्याने वेणी धरून तिला भिरकावलं. टेबलाच्या कडेवर तिची भुवई फुटली. ढब्बूने त्याच्या मनगटाचा कचकन लचका तोडला आणि अशी थप्पड खाल्ली की ओठ फाटला.

डोळ्यातलं रक्त पुसताना मिरचीला कपाट दिसलं. ती चक्क हसली. "ढब्ब्या, ह्यांना रेघच हवी ना? देऊ या."

तिने हातभर लांब पाना उचलला, ढब्बूने आग विझवायचं नळकांडं. सुपरवायझर बटण सोडून पुढे यायच्या आत दोघं कपाटावर तुटून पडली. दणादण, दणादण. पत्रा फाटला, आतल्या कपबश्यांचा भुगा झाला. रेघ थेट छताला भिडली. भोंगा किंचाळला, पंख्याची वीज तुटली आणि मामाच्या डोक्यावरचा लाल दिवा गरागरा फिरला.

मामाने वर पाहिलं आणि धूम ठोकली. मागोमाग एक पातं कवच फाडून बाहेर आलं आणि वंगणाचा डबा चिरडून जमिनीत रुतलं.

मोठे साहेब धावत आले. त्यांनी रुतलेलं पातं पाहिलं, मग चेपलेलं कपाट. सगळं ऐकल्यावर मुलांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास. माझ्या माणसांपेक्षा तुमची नजर तेज." मग सुपरवायझरकडे वळले. "तुम्ही फाटकाकडे चला. सेन्सर मात्र परत पंख्यावर जाऊ दे."

मामाने जेवायला डबा उघडला, तर झाकण हातात खडखडायला लागलं.

"ही थरथर पण मोजायची का?" फुटक्या ओठाने ढब्बूने विचारलं.

"मोज," मामा म्हणाला, आणि डबा बाजूला ठेवून त्याने दोघांना छातीशी असं आवळलं की मोजायला हात मोकळेच राहिले नाहीत.