दोनशे चाळीस फोटोंची दुपार

लब-ए-हौज या जुन्या हौदाच्या काठी एकही माणूस नाही, असा फोटो आजकाल दिवसाउजेडी मिळणं अशक्य. बुखाऱ्यात पाहुणे इतके लोटतात, की हौदाकाठच्या बदकांनाही पाय टेकायला जागा उरत नाही. तरी मी तो मिळवणार होतो. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय, नुसता फळा पुसण्यात आयुष्य घालवलेलं नाही.

युक्ती सोपी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, फोकस हाताने कायम करायचा आणि टायमर लावून दर वीस सेकंदांनी एक फोटो घ्यायचा. मग सगळा गठ्ठा संगणकाला द्यायचा. बहुतेक फोटोंत जे जागच्या जागी आहे तेवढंच तो ठेवतो. येणारेजाणारे पुसून टाकतो.

हे मला शिकवलं शुहरातने. माझा जुना विद्यार्थी, वापरलेले कॅमेरे विकतो, तोंडाने फटकळ. "मास्तर, कार्ड मात्र बघून पुसा हं," असं तो दर वेळी म्हणतो आणि दर वेळी माझ्या काळजात कळ येते. दोन वर्षांपूर्वी कॅमेऱ्याने विचारलं, कार्ड फॉरमॅट करू का? आणि मी शहाण्याने 'हो' दाबलं. माझ्या बायकोचा, मावजुदाचा, शेवटचा उन्हाळा त्या कार्डावर होता. त्याआधी तिने कधी फोटो काढूच दिला नव्हता. कॅमेरा दिसला की ती रुमाल तोंडावर ओढायची. "तो डबा ठेवा बाजूला, डोळ्यांनी बघा की माझ्याकडे!"

रविवारी माझी मुलगी निगोरा मला कायमचं ताश्कंदला नेणार होती. त्याआधी मला आमचा कोपरा हवा होता. जुन्या तुतीच्या झाडाखालचा, बसायचा रुंद लाकडी तख्तपोस. त्र्याऐंशी साली, लग्न नवं असताना, दुपारी तिथे आम्ही दोघंच असायचो. गरम नान, द्राक्षांचा घोस, पाण्यावरून येणारा गार वारा. काय दिवस होते ते! आता वरून कावळे घाण करतात म्हणून तिथे कुणी बसत नाही.

सोमवारी तीस फोटो घेतले. घरी गठ्ठा चढवला. माणसं गेली, छत्र्या गेल्या, आइस्क्रीमची गाडी गेली. तख्तपोसावर एक निळसर डाग तेवढा राहिला.

सुटे फोटो एकेक करून तपासले. तीसच्या तीस फोटोंत तख्तपोस रिकामा होता.

"सेन्सरवर धूळ बसली असणार," शुहरात म्हणाला. त्याने फुंकणीने सेन्सर साफ करून दिला. "साठ घ्या. फोटो वाढले की डाग आपोआप मरतो."

मंगळवारी साठ घेतले. डाग मेला नाही. त्याला खांदे आले होते आणि निळ्या रुमालाखाली मान जराशी डावीकडे कललेली होती.

तशी मान अख्ख्या बुखाऱ्यात एकच होती. मी पडद्याला हात लावून रडलो. लाज कसली त्यात?

बुधवारी एकशे वीस. गालाची कड दिसली, कानातलं दिसलं. सुटे फोटो रिकामेच. शुहरातने ते पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"मास्तर, पुरे आता."

"घाबरलास?"

"हो. धूळ अशी मान वळवत नाही."

"मला तिचं तोंड बघायचंय रे. एकदाच. माझ्याच हाताने पुसलंय ना मी ते."

त्याने जास्तीची बॅटरी चार्ज करून दिली.

शनिवारी दुपारी दोनशे चाळीस लावले आणि या वेळी मी स्वतः तख्तपोसावर जाऊन बसलो. हललो नाही तर संगणक मला पुसणार नाही, हा माझा हिशेब. दोघांचा एक तरी फोटो हवा होता मला. ऐंशी मिनिटं दगडासारखा बसलो. कावळ्याने खांद्यावर प्रसाद दिला तरी ढिम्म हललो नाही. समोर कुणीही नव्हतं. गुडघ्यांना तेवढं गार लागत होतं.

संध्याकाळी शुहरात घरी आला. गठ्ठा चढला.

मावजुदा समोर बघत होती. डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा स्वच्छ दिसत होता. ती हसत होती.

"मास्तर," शुहरात हळूच म्हणाला, "तुम्ही कुठे आहात?"

सुटे फोटो उघडले. पहिल्यापासून दोनशे चाळिसाव्यापर्यंत मी होतो, एकाच जागी, तस्साच.

गठ्ठ्यातल्या फोटोत माझी जागा रिकामी होती.

त्या जागेपुढे तिने चहाचा प्याला ठेवला होता. हात अजून काढून घेतला नव्हता.

निगोराचा फोन वाजू लागला. उद्याच्या गाडीची आठवण करायला असणार. मी उचलला नाही. चित्र मोठं केलं.

आमच्याकडे पाहुण्याने उठावं असं वाटलं, की त्याचा प्याला काठोकाठ भरतात. ज्याला जाऊ द्यायचं नसतं, त्याला तळाशी दोन घोट ओततात.

प्याल्यात दोनच घोट होते.