घेत नाहीत, सबब परत

दाराच्या लेटरबॉक्सची झडप बदलायला माणसाला किती वेळ लागावा? अर्धा तास, फार तर एक. मला आठ महिने लागले.

आमचा लेटरबॉक्स म्हणजे पुढच्या दाराला कमरेच्या उंचीवर पाडलेली वीतभर फट आणि तिच्यावर पितळेची झडप. बाहेरून पत्र ढकललं की झडप आत उघडते, पत्र पडतं आणि स्प्रिंगमुळे ती पुन्हा मिटते. मी चौतीस वर्षं पोस्टमन होतो, अशा झडपांनी माझी बोटं किती वेळा चावलीत त्याला गणती नाही. आमची मात्र मधोमध ठेचलेली होती, बिजागरी निखळलेली. फटीत मी पुठ्ठा कोंबून ठेवला होता. शेवटी नव्या पोस्टमननं सुनावलं, "काका, तुम्ही स्वतः पोस्टातले, आणि बोट कापलं ते तुमच्याच दारात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

मग काय, आणली नवी झडप. जुने स्क्रू गंजून बसले होते, तेल सोडलं तरी ढिम्म हलेनात. डोकी कापून काढावे लागले. नवी झडप दोन सूत रुंद निघाली, म्हणून फट कानशीनं घासून वाढवली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. जुनी झडप तिनंच बत्त्यानं ठेचली होती. का, ते सांगतो. आता लपवून तरी काय करू?

आमची एकुलती एक लेक. पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर हिंडायची, म्हणून आम्ही तिला भिंगरीच म्हणायचो. तिनं मला न विचारता लग्न केलं आणि लांबच्या शहरात गेली. मी म्हणालो, मला मुलगी मेली. जिभेला हाड नसतं ते असं. तिनं पत्रं लिहिली, आम्हा दोघांच्या नावानं. आमच्या गल्लीचा बटवडा माझ्याकडेच होता. पाचही पत्रं माझ्याच हातात आली, आणि ऑफिसातल्या टेबलाशी उभ्या उभ्या मी पाचांवरही शेरा मारला: 'घेत नाहीत, सबब परत.' इकडे ही रोज त्या फटीकडे डोळे लावून बसायची. मी घरी आलो की विचारायची, "अहो, आज काही आलं का हो?" मी म्हणायचो, "आलं असतं तर दिलं नसतं का?"

पुढे भिंगरी तापानं गेली. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. जावयानं ते घर सोडलं, आणि सोडताना ती परत आलेली पाच पाकिटं बांधून कुरिअरनं हिच्या नावानं पाठवली. माझं अक्षर हिला कुठेही ओळखू येतं. शेरा वाचला. बत्ता घेतला आणि झडप ठेचली. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. ताट वाढायची, कपडे धुवायची, पण बोलायची नाही.

निवृत्त झाल्यावर मी पत्रं लिहायला लागलो. लेकीच्या त्या जुन्या पत्त्यावर. वेड लागलं म्हणा हवं तर. प्रत्येकात एकच मजकूर: बाळा, चुकलो, माफ कर. मागे आमचा पत्ता. माणूस गेलेला असेल तर पोस्टाचा शेरा असतो 'मयत'. घर रिकामं असेल तर 'दार बंद'. काही ना काही शेरा घेऊन पाकीट परत येतंच. मी तीन पत्रं टाकली होती, आणि एकही परत आलं नव्हतं.

झडप बसवली तो सोमवार होता. मंगळवारी सकाळी अकराला ती वाजली. नवा पोस्टमन येतो तीनला. जाऊन बघतो तर जमिनीवर माझंच पहिलं पत्र, न फोडलेलं. मागे शेरा 'दार बंद'. ना सही, ना तारीख, ना शिक्का. मी चिडलोच. आमच्या वेळी असा अर्धवट शेरा मारणाऱ्याला साहेबानं उभा सोलला असता. दार उघडलं, तर गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

बुधवारी अकराला दुसरं पत्र. पुन्हा 'दार बंद'. या वेळी मी चष्मा लावून अक्षर बघितलं. आमच्या भिंगरीला एक खोड होती. आधी सगळी अक्षरं बोडकी लिहायची आणि शेवटी वरची रेघ एका झटक्यात ओढायची, ती ओळीच्या पार पुढे जायची. त्यापायी मी तिला किती रागावलो होतो. पाकिटावरची रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

तीनला पोस्टमन आला तेव्हा विचारलं.

"काका, आठवडाभर तुमचं काही आलंच नाही," तो म्हणाला. "आलं असतं तर मी काय त्याचं लोणचं घालणार होतो?"

गुरुवारी मी पावणेअकरापासून बाहेर, दारासमोर हातभर अंतरावर उभा राहिलो. ऊन चांगलं होतं. समोरच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. अकरा वाजले आणि माझ्या डोळ्यांदेखत झडप आत गेली. आधी डावी कड, मग सगळी, बोटांनी ढकलावी तशी. दार आणि मी यांच्यामध्ये कुणी नव्हतं.

आत काहीतरी पडलं. झडप मिटली.

दार उघडून उचललं. तिसऱ्या पाकिटावर लिहिलं होतं, 'घेत नाहीत, सबब परत.'

'मयत' असता तर रडून मोकळा झालो असतो. हा शेरा मेलेल्या माणसाचा नसतो. यासाठी कुणाला तरी दारापर्यंत यावं लागतं, पाकिटावरचं नाव वाचावं लागतं आणि नको म्हणावं लागतं.

ही मागे येऊन उभी होती. तिनं माझ्या हातातून पाकीट घेतलं, वाचलं, आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा बोलली.

"अक्षर काही सुधारलं नाही पोरीचं."

त्याच दुपारी तिनं चार ओळींचं पत्र लिहिलं. मीच टाकून आलो. ते परत आलं नाही.

आठव्या दिवशी अकराला नवंकोरं पाकीट पडलं. वर फक्त 'आई'. ही न्हाणीघरात होती. मी पाकीट हातात घेऊन उभा राहिलो, आणि कधी खिशातलं पेन काढलं ते मलाही कळलं नाही. खोटं कशाला बोलू, शेरा मारायचं मनात आलं होतं. मग पेन खिशात ठेवलं आणि पाकीट हिच्या हातात दिलं.

तिनं खिडकीशी उभं राहून दोनदा वाचलं.

"काय लिहिलंय?"

"बोलावलंय."

"आणि मला?"

"तुमचं नाव नाही त्यात." आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. "उद्या अकराला जायचंय."

"अगं, भानावर ये. कुठे जाणार तू?"

"लेक बोलावेल तिथं आई जाते. त्यात काय विचारायचं?"

मी डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी नाडी बघितली, दाब बघितला आणि म्हणाले, "या तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत." ते गेल्यावर तिनं मला माझ्या गोळ्या कुठल्या डब्यात, गॅस कसा बंद करायचा, जाड पांघरूण कुठे, सगळं दाखवलं. मी हो हो म्हणत होतो. ऐकू काहीच येत नव्हतं.

सकाळी ती पुढच्या दाराशी खुर्ची घेऊन बसली. केस नीट विंचरलेले, मांडीवर कापडी पिशवी. मी रात्री लिहिलेलं पाकीट पुढे केलं.

"हे नेशील?"

तिनं उलटसुलट करून बघितलं. "तिकीट नाही लावलं?"

"तुझ्या हाती देतोय."

"देईन. घ्यायचं की नाही ते ती बघेल."

पाकीट तिनं पिशवीच्या तळाशी ठेवलं. वर कपड्यांचा एक जोड, शाल, चष्म्याचं घर. तोंडाची गाठ तिला घट्ट बसेना, ती मी मारून दिली.

अकराला झडप आत आली. काही पडलं नाही.

ती मिटलीही नाही. फटीतून उन्हाची तिरीप हिच्या पायांवर पडली होती. मग ती तिरीप अडली. बाहेर कुणीतरी वाकलं असावं तशी.

"आले गं," ही म्हणाली.

झडप मिटली. मी हिचा हात धरला. हाक मारली, खूप मारली.

पिशवी मी संध्याकाळी उघडली, स्मशानातून परतून सगळे गेल्यावर. माझी गाठ मी मारली तशीच होती, दातांनी सोडवावी लागली. कपडे होते. शाल होती, चष्मा होता. तळाला पाकीट नव्हतं.

आज एकतीस दिवस झाले. रोज अकराला मी त्याच खुर्चीत बसतो. पाकीट अजून परत आलेलं नाही.